सणासुदीचा सिनेमा किती कमावेल? अंदाज बांधताना या चुका टाळा

आमच्याकडे धनत्रयोदशीच्या संध्याकाळी श्रीखंडाचा एक रिकामा डबा फिरतो. इंदूरच्या लोकमान्य नगरात मावशीच्या घरी जमलेले आम्ही नऊ-दहा जण त्यात चिठ्ठ्या टाकतो. चिठ्ठीवर तीन आकडे: दिवाळीच्या सिनेमाची पहिल्या दिवसाची कमाई, पहिल्या सोमवारची कमाई आणि शेवटची एकूण. थंडी पडून सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (एक कंद) तळले जायला लागले की डबा उघडतो. ज्याचा अंदाज सर्वांत लांब पडला, त्याने सगळ्यांना गराडू खाऊ घालायचे.

2018 साली ते बिल मी भरलं. आमिर खानचा 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' पाडव्याला, 8 नोव्हेंबरला लागला. पहिल्याच दिवशी सुमारे 52 कोटी नेट (कर वगळून), म्हणजे तेव्हाच्या हिंदी सिनेमाचा विक्रम. माझा पहिला आकडा जवळपास बरोबर आला म्हणून मी एक दिवस कॉलर ताठ करून फिरलो. एकूण आकडा मात्र मी 300 कोटी लिहिला होता आणि सिनेमा दीडशेच्या आसपास आटोपला. पहिल्या दिवसाच्या तिप्पटही नाही.

दोनच वर्षांपूर्वी याच आमिर खानचा 'दंगल' नाताळच्या तोंडावर आला होता. नोटाबंदीला जेमतेम दीड महिना झाला होता. पहिला दिवस सुमारे 30 कोटी, एकूण सुमारे 387 कोटी, म्हणजे तेरापट. हीरो तोच, सणाचा मोसम दोन्हीकडे, आणि गुणाकार कुठे तीन तर कुठे तेरा. तेव्हापासून मी एक धरून चाललोय की सणाच्या दिवसाचा आकडा हे पाणी घातलेलं दूध असतं. सणाचं पाणी किती आणि सिनेमाचं दूध किती, हे वेगळं करता आलं नाही की चिठ्ठी फसते. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

कॅलेंडर न उघडताच आकडा लिहिणं

ही सगळ्यांत मोठी चूक. 'दिवाळीला लागतोय ना, मग गर्दी होणारच' असं म्हणणाऱ्याने लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुठल्याही मल्टिप्लेक्समध्ये जाऊन बघावं. घरोघरी रांगोळी, पूजा, फटाके, आणि इंदूर पडलं व्यापाऱ्यांचं गाव, दुकानादुकानांत वहीपूजन. संध्याकाळी सहाच्या शोला पॉपकॉर्नवाला कंटाळलेला असतो. वसुबारसेपासून लक्ष्मीपूजनापर्यंतचे दिवस तर सिनेमाला वाईटच, कारण लोक साफसफाई, खरेदी आणि चकल्या यांत अडकलेले. थिएटर भरतं ते लक्ष्मीपूजन उरकल्यावर. आमच्या घरातला हिशेब साधा आहे: पाडव्याला ओवाळणी झाली की दुपारचा शो, भाऊबीजेला भाऊ आले की रात्रीचा.

'टायगर 3' चं उदाहरण मी सगळ्यांना देतो. तो 12 नोव्हेंबर 2023 ला, रविवारी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लागला. पहिला दिवस सुमारे 44 कोटी, दुसऱ्या दिवशी सोमवारी सुमारे 59. एरवी रविवारपेक्षा सोमवार वर गेला तर आम्ही पेढे वाटू. इथे मात्र त्यात सिनेमाची करामत थोडी, सणाचीच जास्त होती. त्याच आठवड्यात बुधवारी 15 तारखेला विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत विरुद्ध न्यूझीलंड, आणि 19 च्या रविवारी अंतिम सामना. त्या रविवारी आमच्या कॉलनीतून थिएटरकडे कोण गेलं असेल तर वाट चुकून. ज्यांनी सणाचं कॅलेंडर पाहिलं होतं पण क्रिकेटचं नाही, त्यांचे गराडू ठरलेलेच होते.

तिथीचा घोळही लक्षात घ्यावा. 2024 मध्ये अमावस्या दोन दिवसांवर पसरली. आमच्या मराठी घरांत कॅलेंडरप्रमाणे 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं, समोरच्यांनी 31 ऑक्टोबरलाच उरकलं. त्या वर्षी दिवाळीचे दोन मोठे सिनेमे 1 तारखेलाच लागले. त्यामुळे एकाच गल्लीत अर्धे लोक तिकीट काढायला मोकळे आणि अर्धे सोवळ्यात.

आणि आपल्या गावाचे सण वेगळे असतात. होळीला सिनेमा लागला की मुंबईचे अंदाज धुळवडीची सुट्टी मोजतात. इंदूरचा खरा रंग रंगपंचमीचा. त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा अर्धं शहर तिथे असतं आणि उरलेलं अर्धं रंग धुवायला घरी. तसंच अनंत चतुर्दशीला. गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, रात्रभर चालतात, मग शेवटच्या शोला बसतं कोण? देशाच्या आकड्यावर याने फरक पडत नाही, पण 'आपल्याकडे थिएटर रिकामं, म्हणजे सिनेमा पडला' असं ठरवण्याआधी हे तपासून घ्यावं.

आपल्या थिएटरवरून देश मोजणं

उलटही होतं. 'छावा' 14 फेब्रुवारी 2025 ला लागला. सण नव्हता, पण आम्हा मराठी घरांना सणच. शिवजयंतीला मध्य प्रदेश सरकारने तो करमुक्त जाहीर केला आणि आमचा अख्खा गट दोनदा जाऊन आला. त्या भरात पुढच्या दिवाळीला आम्ही सगळ्यांनीच आकडे फुगवून लिहिले. 'इंदूरमध्ये हाऊसफुल, म्हणजे देशात हाऊसफुल!'

सिनेमाच्या धंद्याचा नकाशा वेगळाच असतो, वितरणासाठी देशाचे 'सर्किट' नावाचे भाग पाडलेले. इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर हा भाग धंद्याच्या भाषेत 'सीआय', म्हणजे सेंट्रल इंडिया. जिची रेसिडेन्सी इंदुरात होती त्या इंग्रजांच्या सेंट्रल इंडिया एजन्सीचं नाव सिनेमावाल्यांनी अजून जिवंत ठेवलंय. नागपूर-अमरावतीबरोबर आपलं जबलपूर 'सीपी-बेरार' मध्ये, मराठवाडा 'निजाम' मध्ये, आणि पुण्याबरोबर वडोदरा 'मुंबई' सर्किटमध्ये. पुण्याचा चुलतभाऊ आणि वडोदऱ्याची आत्या दोघांनी 'आमच्याकडे फुल्ल' म्हटलं तर माझ्या हिशेबी ती एकच साक्ष. दिल्ली-यूपी, पंजाब आणि पूर्वेकडचा कोणीतरी ओळखीचा हवाच. माझा भरवसा कानपूरला बदली झालेल्या एका मित्रावर आहे. तो सिनेमे बघत नाही, पण टॉकीजसमोर राहतो.

करमुक्त या शब्दालाही फार भाळू नये. जीएसटी आल्यापासून राज्य फक्त आपला वाटा सोडू शकतं. 100 रुपयांवरच्या तिकिटाला 18 टक्के कर, त्यातला निम्मा राज्याचा. 200 रुपयांचं तिकीट करासह 236 ला पडतं, करमुक्त झालं तर 218 ला. 18 रुपयांसाठी कोणी सोफ्यावरून उठत नाही. लोक येतात ते बातमीमुळे.

अॅडव्हान्स बुकिंगला देववाणी समजणं

अॅडव्हान्सचे जे आकडे फिरतात ते मुख्यतः पीव्हीआर-आयनॉक्स आणि सिनेपोलिस अशा मोठ्या साखळ्यांचे. महानगरांतला प्रेक्षक आठवडाभर आधी मोबाइलवर सीट पकडतो. भाऊबीजेला देवास किंवा धारच्या टॉकीजला जाणारं कुटुंब जेवण झाल्यावर ठरवतं आणि खिडकीवर तिकीट काढतं. त्यामुळे मारधाडीचा किंवा घरच्यांसोबत बघायचा विनोदी सिनेमा अॅडव्हान्समध्ये बारीक दिसतो आणि दुपारनंतर अंग धरतो. शहरी सिनेमाचं उलट: अॅडव्हान्समध्ये गुबगुबीत, खिडकीवर सुनसान.

दुसरा घोळ ठोक बुकिंगचा. हे मला एका रात्री सीटचा नकाशा बघत बसल्यावर उमगलं. खरे प्रेक्षक मागच्या रांगांच्या मधून भरायला लागतात, दोन-दोन, चार-चार, मध्ये एखादी एकटी सीट सोडून. त्या रात्री सकाळी नऊच्या शोला A, B, C, D या पहिल्या चार रांगा कडेपासून कडेपर्यंत गेलेल्या आणि मागे सगळं मोकळं. पडद्याला नाक लावून सिनेमा बघायला ऐंशी माणसं पैसे मोजून आधी बुकिंग करतात? दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्या शोला गेलो. पहिल्या चार रांगांत कोणी नव्हतं. मी, दोन कॉलेजची मुलं आणि एक आजोबा, एवढेच हॉलमध्ये. कोणी घेतली होती ती तिकिटं, देव जाणे. तेव्हापासून नकाशा बघताना पुढच्या अखंड रांगा मी मोजणीतून वगळतो. 'एकावर एक फ्री' चालू असेल तर उरलेल्याही अर्ध्या धरतो.

ग्रॉस, नेट आणि शेअर यांची खिचडी

पोस्टरवरचा आकडा बहुधा ग्रॉस, म्हणजे करासह, असतो, तोही जगभरातला. आमच्या डब्यात देशातला नेट चालतो. हे ठरवून न घेतल्यामुळे एकदा मावसभावाशी तासभर भांडण झालं आणि दोघंही बरोबर निघालो.

एकदा हाताने हिशेब करून बघा, आयुष्यभर विसरणार नाही. 200 सीटचा एक पडदा, दिवसाला सहा शो, म्हणजे 1,200 सीट. सणाला साठ टक्के भरले, 720 तिकिटं. प्रत्येकी 236 रुपये, म्हणजे ग्रॉस 1,69,920. त्यातून कर काढला की नेट 1,44,000. या नेटमधून थिएटर आपला हिस्सा कापून घेतं. 2009 मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण मिटलं तेव्हा निर्मात्याकडचा वाटा, म्हणजे शेअर, पहिल्या आठवड्यात 50 टक्के, मग 42.5, मग 37.5 आणि पुढे 30 असा ठरला. म्हणजे 'शंभर कोटी कमावले' म्हणणाऱ्याच्या हाती पन्नासही पडत नाहीत. 'हिट की फ्लॉप' वर पैज लावणार असाल तर शेअर बघा आणि त्याच्यासमोर खर्च ठेवा. माझ्या मते त्या पैजेच्या वाटेला जाऊच नये, कारण खर्चाचा खरा आकडा बाहेर कोणाला कळत नाही.

या हिशेबात आणखी एक गोम आहे: सहा शो. सिनेमा साडेतीन तासांचा असेल तर त्या पडद्यावर चारच बसतात.

आधीच येऊन बसलेला पाहुणा

नाताळचा अंदाज करताना 25 डिसेंबरला काय लागतंय एवढंच बघून चालत नाही. 2024 ला 'पुष्पा 2' 5 डिसेंबरलाच आला आणि हलायला तयार नव्हता. 25 ला आलेल्या 'बेबी जॉन' ला उरलेसुरले शो मिळाले, तेही लवकरच कमी झाले. 2025 ला पुन्हा 5 डिसेंबर, 'धुरंधर'. साडेतीन तासांपेक्षा लांब, पहिला दिवस सुमारे 28 कोटी, म्हणून आमच्यातल्या शहाण्यांनी 'बरा आहे' म्हणून सोडून दिला. दुसऱ्या आठवड्यात त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमावले. त्या चिठ्ठ्यांबद्दल मावशीच्या घरी अजून कोणी बोलत नाही.

एकाच दिवशी दोन

दोघांत ज्याची ओपनिंग मोठी तो जिंकणार, असं समजू नये. 2024 च्या दिवाळीला 'सिंघम अगेन' पहिल्या दिवशी 43 कोटींच्या आसपास, 'भूलभुलैया 3' त्याच्या सात-आठ कोटी मागे. शेवटी मागचा पुढे गेला.

चिठ्ठी फसलीच, तर बिघाड कुठे शोधायचा?

पहिला दिवस बरोबर पण एकूण आकडा दुप्पट लिहिला गेला असेल, तर तुम्ही सण मोजलात, सिनेमा नाही. पुढच्या वेळी सुट्टी संपल्यानंतरचा पहिला कोरा सोमवार बघा. एरवी सोमवार शुक्रवारच्या निम्म्यावर टिकला तर सिनेमाचं बरं चाललंय असं धरतात, पण सणाच्या आठवड्यात तो सोमवारच कधी सुट्टीचा असतो. 'सिकंदर' रविवारी, गुढीपाडव्याला, 30 मार्च 2025 ला लागला आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ईद. पहिल्यापेक्षा दुसरा दिवस वर. तो सोमवार पाहून ज्यांनी एकूण आकडा वाढवला ते फसले, कारण सुट्टी सरताच कमाई घसरली.

पहिला दिवस चुकला आणि एकूण जमला, तर बहुतेक तिथी किंवा खिडकीवरची गर्दी मोजायची राहिली. सगळेच आकडे साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाने जास्त येत असतील तर तुम्ही ग्रॉस वाचताय. आणि काहीच जुळत नसेल तर तो हीरो तुम्हाला फार आवडतो. त्यावर इलाज नाही. आमच्यात एक दादा आहे, रीगल तिराहा आणि मधुमिलन चौकात खरोखरच्या टॉकीज होत्या तेव्हापासून एकाच नटावर पैसे लावतो. सर्वाधिक गराडू त्यानेच खाऊ घातलेत, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

2026 च्या दिवाळीसाठी 'रामायण' चा पहिला भाग जाहीर झालाय, त्यामुळे डबा यंदा लवकरच खाली उतरला. माझ्या चिठ्ठीवर मी 'लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर, रविवार' असं लिहून त्याच्याखाली रेघ मारलीय. आकड्यांच्या तिन्ही जागा अजून कोऱ्या आहेत. मावशी विचारते, 'अरे, सिनेमाचं लिहितोयस की पंचांगाचं?'