वांद्रे-कुर्ला संकुलात कार्यालय भाड्याने घेताना

वांद्रे-कुर्ला संकुलातील उंच इमारतीत कार्यालय घ्यायचे असेल, तर दलाल सांगेल त्या चौरस फुटाच्या दरावर पहिल्या भेटीत काहीही ठरवू नये. हा दर बहुधा आकारणीच्या क्षेत्रफळावर असतो आणि त्यात लिफ्टची लॉबी, जिने, मार्गिका यांचा वाटा धरलेला असतो; टेबल-खुर्च्या मात्र चटई क्षेत्रातच, म्हणजे भिंतींच्या आतल्या प्रत्यक्ष वापरण्याजोग्या जागेतच मांडाव्या लागतात. समजा, 1,500 चौरस फुटांना 150 रुपये दराने महिना 2,25,000 रुपये भाडे सांगितले आणि चटई क्षेत्र 900 चौरस फूटच भरले, तर खरा दर 250 रुपये पडला. म्हणून टेप घेऊन जागा स्वतः मोजावी आणि दोन इमारतींची तुलना याच दराने करावी. देखभाल शुल्क, म्हणजे ‘कॅम’, हेही सहसा त्याच फुगलेल्या क्षेत्रफळावर लागते.

जागा रविवारी पाहू नये, कारण रविवारी प्रत्येक लिफ्ट मोकळीच असते. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊला लॉबीत पंधरा मिनिटे उभे राहिल्यास रांग किती वाढते ते दिसते. संध्याकाळी वातानुकूलन किती वाजता बंद होते आणि नंतर ते सुरू ठेवायचे तर तासाला काय आकारतात, हे लेखी विचारावे. रात्री परदेशातील ग्राहकांशी काम करणाऱ्यांना हा खर्च चांगलाच जाणवतो. संकुल मिठी नदीच्या काठी असल्याने जनरेटर आणि विजेचे पॅनल तळघरात आहेत की वर, हेही पाहावे. 26 जुलै 2005 चा पाऊस ज्यांना आठवतो, त्यांना या प्रश्नाचे कारण सांगावे लागणार नाही.

कागदपत्रांत सर्वप्रथम भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरास योग्य असल्याचा दाखला, मागावे आणि ते आपल्या मजल्यालाही लागू आहे का, हे वाचून पाहावे, कारण काही वेळा ते इमारतीच्या एखाद्या भागापुरतेच दिलेले असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा तपासून ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याची ताजी प्रत पाहावी आणि आपल्या मजल्यापासून आश्रयस्थानापर्यंत, म्हणजे आगीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळ्या राखलेल्या जागेपर्यंत, जिन्याने एकदा चालत जावे. तिथे जुने फर्निचर रचून ठेवलेले आढळले, तर व्यवस्थापनाची शिस्त वेगळी तपासण्याची गरज उरत नाही.

करार बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीचा, म्हणजे ठरावीक काळ जागा वापरण्याच्या परवानगीचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. ‘नोटरी करून घेऊ’ हे उत्तर स्वीकारू नये. ‘लॉक-इन’चा, म्हणजे करार मध्येच मोडता न येण्याचा, काळ दोघांनाही बांधतो की फक्त आपल्याला, हे कलम शब्दशः वाचावे. जागा सोडताना ती मूळ स्थितीत परत द्यायची अट असेल, तर ताबा घेतानाच छत, फरशी, विजेच्या जोडण्या यांची तारखेसह छायाचित्रे काढून ती दोघांच्या सह्यांनिशी करारास जोडावीत, कारण अनामत रकमेतून होणाऱ्या कपातीचा वाद बहुतेक वेळा याच मुद्द्यावरून उभा राहतो.