ऑक्टोबरच्या उन्हात वाफा उगवायचा कसा आणि पाखरांना दाणापाणी ठेवायचं कुठे

सोलापुरात परसातल्या पालेभाज्यांचा हंगाम घटस्थापनेच्या सुमारास सुरू होतो. परतीच्या पावसाची ओल जमिनीत असते, दिवाळीनंतर रात्री गार होतात, आणि मेथी, कोथिंबीर, पालक, चाकवत, शेपू, करडई, मुळा यांना तेच मानवतं. अडचण आहे ती पेरणीपासून दोन पानं फुटेपर्यंतच्या दहा-बारा दिवसांची. दुपारी पारा 34-35 अंशांवर जातो, काळी माती वरून दगडासारखी होते, आणि कोवळा कोंब दिसला रे दिसला की चिमण्या, बुलबुल, साळुंक्या वाफ्यावर उतरतात. ज्यांचं बिनसतं त्यांचं इथेच बिनसतं.

वाफा 3 फूट रुंद, 6 फूट लांब करा. त्याहून रुंद केलात तर मधलं तण काढायला पाय आत टाकावा लागतो. वीतभर खणून दीड घमेलं कुजलेलं शेणखत मिसळा. एवढ्या वाफ्याला मेथी 10 ग्रॅम किंवा धणे 15 ग्रॅम पुरतात. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, 12 तास भिजवा आणि सावलीत सुकवून मग पेरा. पालकाचं बीही रात्रभर भिजवा.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘बी पेरा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घाला’ हा सल्ला काळ्या मातीत चालत नाही. पेरल्यावर वरून झारीने पाणी घातलं की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, उन्हाने वर पापडी धरते आणि कोंब तिच्याखाली वाकडा होऊन मरतो. वाफा उकरून पाहिलात तर बी रुजलेलं दिसेल, पण वर आलेलं नसेल. मग लोक दुकानदाराच्या बियाण्याला नावं ठेवतात.

म्हणून पाणी आधी, बी नंतर. मोकळा वाफा संध्याकाळी तुडुंब भिजवा आणि वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी होईपर्यंत दोन-तीन दिवस थांबा. वाफसा आला की नाही हे मुठीने कळतं: चार बोटं खालची माती घेऊन गोळा दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. पडून फुटला तर पेरा. चपटा होऊन तसाच राहिला तर अजून एक दिवस थांबा. चिखलात पेरलेलं बी कुजतं, इथे घाई करू नका.

पेरणी संध्याकाळी करा. बोटभर अंतरावर रेघा ओढा, बी टाका आणि वरून काळी माती ओढू नका. चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत अर्धा ते एक सेंटिमीटर पसरा. त्याची पापडी होत नाही. त्यावर ओलं गोणपाट अंथरा आणि इथून पुढे पाणी फक्त गोणपाटावर शिंपडा. घटातलं धान्य सावलीत, बेताच्या ओलीवर भराभर उगवतं, तीच सोय वाफ्याला करून द्यायची आहे.

गोणपाट कधी काढायचं, यावर सगळं अवलंबून आहे. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, पालक सहा-आठ दिवसांत, कोथिंबिरीला आठ ते बारा दिवस लागतात. त्यामुळे एका वाफ्यात मेथी आणि धणे मिसळून पेरू नका. एकासाठी गोणपाट काढावं तर दुसऱ्याचं बी सुकतं. रोज एक कोपरा उचलून पाहा. पांढरे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तर रोपं पिवळी, लांबुडकी होतात आणि त्यांची टोकं गोणपाटात अडकून तुटतात. सकाळी काढलंत तर दुपारच्या उन्हात कोंब करपतात.

गोणपाट काढलं की लगेच, त्याच संध्याकाळी, 50 टक्क्यांची, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी शेडनेट लावा. ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे वाफ्याच्या दोन्ही बाजूंना रोवलेल्या कामट्यांवर चढवून कमानी करा. मध्ये उंची दीड फूट तरी हवी. नेट पानांना टेकली तर बुलबुल वर बसून जाळीतून कोवळी पानं ओरबाडतो. कडा विटांनी दाबा, कारण साळुंकी चालत येते आणि चार बोटांची फट तिला पुरते. मासेमारीची किंवा बारीक नायलॉनची सैल जाळी मात्र कदापि वापरू नका. तिच्यात पाखरांचे पाय आणि पंख गुरफटतात, आणि तडफडणारी चिमणी सोडवताना तिचा पंख हमखास दुखावतो. चकचकीत पट्ट्या, जुन्या सीड्या, बुजगावणं यांना पाखरं काही दिवसांत सरावतात. त्यांच्यावर पैसे घालवू नका.

रोपांना तीन-चार खरी पानं आली की नेट काढून टाका. तिथून पुढे पाखरं तुमच्या कामाची आहेत. शिंपी पक्षी पानांखालच्या अळ्या वेचतो, दयाळ आणि कोतवाल किडे टिपतात.

आता दाणापाणी. पाणी आधी, कारण मातीतली डबकी आटली की वाफ्यातली ओल आणि रसरशीत कोंब यांवर पाखरांची नजर जाते. वाफ्यापासून 12-15 फुटांवर उथळ, खरबरीत मातीची परळ ठेवा. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड असू द्या. जवळ कढीपत्ता किंवा जास्वंद असावी, म्हणजे पाखरांना आडोसा मिळतो, पण परळ झुडपाला खेटून ठेवू नका. मांजर तिथेच दबा धरते. पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांनी परळ काथ्याने घासा. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत असलं तरी यात काटकसर नको. हे दिवस डेंग्यूचे असतात आणि साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात. काढलेलं पाणी वाफ्याच्या कडेला ओता.

परळीशेजारी दोन फुटांचा कोरड्या, भुसभुशीत मातीचा तुकडा मोकळा ठेवा. चिमण्यांना धुळीत लोळायला लागतं. त्या पोट मातीत घुसवून, पंख फडफडवून वाटीएवढे खड्डे करतात, आणि दुसरी मऊ माती नसेल तर हे खड्डे तुमच्या नव्या वाफ्यात पडतात.

दाणा म्हणजे ज्वारी, बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी. रोज सकाळी एक मूठ, तासाभरात संपेल एवढीच. रात्री उरलेल्या दाण्यावर उंदीर आणि मुंग्या येतात. शेव, फरसाण, पाव, मीठ घातलेला भात, खवट किंवा बुरशी धरलेले शेंगदाणे अजिबात नको. पारव्यांचं टोळकं बसू लागलं तर खाली दाणा टाकणं बंद करा आणि बाजरीची कणसं उलटी टांगा. या दिवसांत ती बाजारात मिळतात. चिमणी आणि मुनिया कणसाला लटकून दाणे काढतात, पारव्याला ते जमत नाही. भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवेही याच सुमारास सोलापूरवरून जाऊ लागतात, पण त्यांना रानातले नाकतोडे आणि ज्वारी प्यारी. परसातल्या परळीवर त्या क्वचितच उतरतात.

पाकिटातलं गुलाबी किंवा लाल बियाणं औषध लावलेलं असतं. ते उरलं तर पाखरांपुढे टाकू नका. खाल्लं तर ती मरू शकतात. पेरतानाही दाणा उघडा राहू देऊ नका आणि पाकीट पुरून टाका.

बोअरचं पाणी खारट असेल तर मातीवर पांढरा थर दिसतो. पालक आणि बीट ते बऱ्यापैकी सोसतात, घेवडा सोसत नाही. घेवड्याला नळाचं पाणी राखून ठेवा. मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) आला तर लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. रासायनिक कीटकनाशक वापरणार असाल तर दाणा ठेवणं आधी थांबवा, मेलेली अळी खाऊन पाखरूही दगावू शकतं.

मेथी 25-30 दिवसांत काढणीला येते, पालक महिन्याभराने, कोथिंबीर 40 दिवसांच्या आसपास. दर पंधरा दिवसांनी अर्धा वाफा पेरत राहा. डिसेंबरच्या पेरणीला गोणपाट लागत नाही, शेडनेट मात्र पाखरांसाठी लावावीच लागते.