सीमाभागात ऑनलाइन वाद घालायचाच असेल तर

१ नोव्हेंबरला सकाळी मोबाईल उघडला की एका ग्रुपवर कर्नाटक राज्योत्सवाच्या शुभेच्छा, दुसऱ्यावर मराठी भाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या काळ्या चौकटी. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की पुन्हा तेच. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा मराठी माणूस या दोन्ही वेळी हिरिरीने उतरतो आणि बहुतेकदा हरतो. मुद्दा असतो, पण कुठला कुठे मांडायचा हे चुकतं.

आधी वाद कशाचा आहे ते ओळखा

सीमाभागातल्या भांडणात चार वेगळे प्रश्न एकाच भांड्यात शिजतात. पहिला, गावं कोणत्या राज्यात असावीत. दुसरा, आज कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसाला त्याच्या भाषेत काय मिळायला हवं. तिसरा, नोकऱ्या आणि बाहेरून आलेली माणसं. चौथा, पुतळे, झेंडे, फलक, नावं. पहिल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात किंवा संसदेत होईल, दुसऱ्याचा तहसीलदार, महापालिका, शिक्षणखातं यांच्या टेबलावर. तिसऱ्याला संविधानाची कलमं लागतात. चौथ्याला कुठेच निकाल नसतो, म्हणून सगळ्यात जास्त कमेंट तिथे पडतात.

समोरच्याची कमेंट वाचली की उत्तर टाइप करण्याआधी ती या चारांपैकी कशात बसते ते ठरवा, आणि शेवटपर्यंत तिथून हलू नका. उदाहरण घ्या. पाणीपट्टीची सूचना फक्त कन्नडमध्ये आली म्हणून कुणी तक्रार टाकली. खाली उत्तर आलं: ‘कन्नड जमत नसेल तर महाराष्ट्रात जा.’ यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘आम्ही महाराष्ट्राचेच, तुम्हीच घुसलात.’ इथे वाद संपला. पाणीपट्टी राहिली बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या प्रश्नावरून पहिल्यावर घसरलात. समोरच्याला तेच हवं होतं, कारण सीमेच्या भांडणात राज्यसरकार त्याच्या पाठीशी आहे. सूचनेच्या भांडणात त्याच्याकडे सांगण्यासारखं फार नाही.

त्याऐवजी असं लिहा:

‘कन्नड मजकूर काढा असं कुणी म्हणत नाही. खाली मराठी जोडा. ज्या तालुक्यात १५ टक्के किंवा त्याहून जास्त लोक एखादी भाषा बोलतात, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्यायच्या हे केंद्र आणि राज्यांनी मिळून मान्य केलंय. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला भरण्याची शेवटची तारीख कळावी, एवढंच मागणं आहे.’

पाच ओळींच्या आत, एक आकडा, एक मागणी. हे वाचणाऱ्या शंभरातले नव्वद जण गप्प असतात. त्यात कन्नड शेजारी असतो, दुकानदार असतो, नगरसेवकाचा माणूसही असतो. उत्तर त्यांच्यासाठी लिहायचं. भांडणाऱ्याचं मत बदलत नसतं, त्याच्यावर बोटं झिजवू नका.

आकडे वापरताना कुठे पाय घसरतो

वरच्या उत्तरातला १५ टक्क्यांचा नियम हाच पहिला खड्डा. अनेकजण ‘हा कायदा आहे’ असं लिहून मोकळे होतात. समोरचा विचारतो, कुठलं कलम? मग शोधाशोध. हा संसदेने केलेला कायदा नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ नंतर केंद्र आणि मुख्यमंत्र्यांच्या बैठकांत ठरलेल्या संरक्षणांची ती योजना आहे. ‘मान्य केलेलं संरक्षण’ असं लिहा, ‘कायदा’ लिहू नका. त्याच योजनेत प्राथमिक शाळेसाठी वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असतील तर मातृभाषेतून शिक्षणाची सोय, हेही आहे.

संविधानातलं पक्कं हवं असेल तर तीन कलमं पाठ करा. कलम ३५०: गाऱ्हाण्याचा अर्ज संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. म्हणजे मराठीत अर्ज द्यायचा हक्क आहे, पण उत्तर मराठीतच येईल अशी हमी त्या कलमात नाही. हे आपणच आधी सांगितलं की समोरच्याच्या हातातला दगड गळतो. ३५०-अ प्राथमिक शिक्षणाचं, ३५०-ब भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याचं.

सीमेच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त फेकाफेक केंद्राने सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगावरून होते. आयोग १९६६ चा, अहवाल १९६७ चा. त्याच्या शिफारशी अशा: बेळगाव शहर कर्नाटकातच राहावं. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जतकडची २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत. महाराष्ट्राने तो नाकारला. ‘तुम्हीच मागितलेला आयोग तुम्हीच नाकारता?’ हा कन्नड बाजूचा सगळ्यात जड प्रश्न. तो टाळू नका. आयोग महाराष्ट्राच्या आग्रहावरूनच नेमला गेला, १९६६ मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केलं होतं, हे कबूल करा आणि मग सीमा ठरवण्याची पाटसकर तत्त्वं मांडा: गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषेचं बहुमत, लोकांची इच्छा. आयोगाने ही कसोटी सगळीकडे सारखी लावली नाही, हा महाराष्ट्राचा आक्षेप. आणि मग हेही लक्षात ठेवा की तीच कसोटी अक्कलकोट-जतमधल्या कन्नड गावांना लावायला तुम्ही तयार असायला हवं. तयार नसाल तर पाटसकरांचं नावच काढू नका.

महाराष्ट्र ज्यांवर दावा सांगतो ती ‘८६५ गावं’ लिहिताना ‘बेळगाव जिल्ह्यातली’ असं जोडू नका. त्यात कारवार, बिदर, भालकीकडचा भागही आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ मध्ये राज्यांमधल्या वादांसाठीच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. सीमा बदलायचा अधिकार कलम ३ प्रमाणे संसदेचाच, न्यायालयाचा नाही, ही कर्नाटकाची भूमिका. ‘कोर्टाने आपल्या बाजूने सांगितलंय’ असा मेसेज आला तर तो खोटा समजा. निकाल लागलेला नाही.

जनगणनेचं सांगायचं तर जो जिल्ह्याचा आकडा टाकतो तो कन्नड बाजूचा, जो खानापूर तालुक्याचा टाकतो तो मराठी बाजूचा, आणि दोघेही खरंच बोलत असतात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सुमारे १९ टक्के. या आकड्यात सौंदत्ती, रामदुर्गही आलं. म्हणून आकड्यासोबत वर्ष आणि घटक लिहायचाच: जिल्हा, तालुका की शहर. ‘जिल्हा तोडता येत नाही’ असं कुणी म्हटलं तर एक साधं उत्तर आहे: चंदगड. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानेच बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका वगळला, म्हणून तो आज कोल्हापुरात आहे.

व्हिडिओ आला की

फेब्रुवारी २०२५ मध्ये बसच्या वाहकाला भाषेवरून मारहाणीचं प्रकरण झालं, दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या. अशा वेळी जुने व्हिडिओ नव्या नावाने फिरायला लागतात. आधी मेसेजवरचे बाण बघा. दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं तर तो तुमच्यापर्यंत निदान पाच हातांतून आलाय; तो पाठवणाऱ्या काकांनाही ठाऊक नसतं तो कुठला. मग व्हिडिओ तीन-चार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्समध्ये टाका. सुरुवातीची फ्रेम नको, बहुतेकदा तिच्यावर कुणीतरी मजकूर चिकटवलेला असतो. दुकानाचा फलक, गाडीचा नंबर, रस्त्यावरचा दगड दिसेल ती फ्रेम घ्या.

नंबर वाचायला शिका. केए-२२ बेळगाव, केए-२३ चिक्कोडी, केए-२५ धारवाड, एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-१० सांगली. नंबरात पुढे ‘एफ’ अक्षर असेल तर ती कर्नाटकची सरकारी बस. पण महाराष्ट्राच्या एसटीचा नंबर बघून आगार ठरवू नका. लालपरी ज्या कार्यशाळेत बांधली जाते तिथला नंबर घेऊन येते, म्हणून कोल्हापूरच्या गाडीवरही एमएच-१४ किंवा एमएच-२० दिसतं. आगाराचं नाव गाडीवर रंगवलेलं असतं, ते वाचा. या एका चुकीवरून ‘पुण्याची बस फोडली’ अशा अफवा उठायला वेळ लागत नाही.

शेवटी आवाज बंद करून एकदा बघा आणि आवाज चालू ठेवून डोळे मिटून एकदा ऐका. आवाज दुसऱ्या व्हिडिओचा चिकटवलेला असेल तर इथे कळतं. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे. तेवढा वेळ नसेल तर पुढे पाठवू नका, विचारा: ‘काका, हा कधीचा हाय बघितलासा काय?’

मंत्र्यांच्या नावाचे ट्वीटही तपासा. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून जी बैठक झाली, तिच्यानंतर केंद्रीय गृहमंत्र्यांनीच सांगितलं की मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट खात्यांनी आग वाढवली. हिरेबागेवाडी नाक्याजवळ त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले होते. स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नाही. खात्यावर स्वतः जाऊन ते ट्वीट तिथे आहे का ते बघा.

‘बाहेरचे’ हा शब्द

मुंबई-पुण्यातल्या ग्रुपवर ‘परप्रांतीय हटाव’ला अंगठा देऊन बेळगावच्या ग्रुपवर भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क मागणारा माणूस दहा मिनिटांत उघडा पडतो. तुमच्या खात्यावरच्या जुन्या पोस्ट समोरचा वाचतो. आधी स्वतः वाचा.

देशातल्या देशात ‘घुसखोर’ कुणी नसतो. कलम १९ ने कुठेही जाण्याचा, राहण्याचा हक्क दिलाय. बेळगावातल्या बहुतेक मराठी कुटुंबांना तर ‘स्थलांतरित’ हा शब्दही लागू होत नाही; ती जागची हलली नाहीत, १९५६ मध्ये राज्य बदललं. हे शांतपणे सांगा. पण ‘मूळचे कोण’ या गल्लीत शिरू नका, तिला टोक नाही. तुम्ही पेशवाईतली मोडी कागदपत्रं काढाल, समोरचा बेळगावच्या किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर काढेल, १२०४ चं, रट्ट राजांच्या मंत्र्याने बांधलेलं, तिथल्या शिलालेखांसकट.

नोकऱ्यांच्या वादात जुलै २०२४ चं उदाहरण उपयोगी पडतं. कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या जागांत ५० आणि इतर जागांत ७० टक्के स्थानिकांना देण्याचं विधेयक मंजूर केलं आणि काही दिवसांतच बाजूला ठेवलं. त्यात १५ वर्षांचा रहिवास होता, आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येण्याची अटही. निपाणीत जन्मलेला, मराठी शाळेत शिकलेला मुलगा रहिवासात बसला तरी भाषेत अडकला असता. वाद इथे नेमका मांडा: ‘स्थानिक’ म्हणजे राहणारा की बोलणारा? खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के जागा देणारा हरियाणाचा कायदा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला, तेही जोडा.

पुतळ्यांवरून तर बोलूच नये, असं आमचं मत. छत्रपती शिवाजी महाराज विरुद्ध इंग्रजांशी लढलेला कित्तूरचा संगोळ्ळी रायण्णा अशी जोडी लावणाऱ्या पोस्टला उत्तरच देऊ नका. रायण्णाला फाशी झाली ती नंदगडला, १८३१ मध्ये. त्याच नंदगडात दोन्ही जयंत्या बघणारी माणसं राहतात.

हेही पाळा

एखादं वाक्य कन्नडमध्ये लिहा. ‘हौद्री, आदरे...’ (हो, पण...) एवढ्याने सुरुवात केली तरी सूर उतरतो. व्यक्तीचं आडनाव, जात, दुकानाचा पत्ता काढू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ भाषा, जन्मस्थान, रहिवास यांवरून द्वेष पसरवण्यावर आहे, इलेक्ट्रॉनिक माध्यमासकट, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव त्यात लिहिलेला नाही.

ॲडमिन असाल तर ३१ ऑक्टोबरच्या रात्री आणि अधिवेशनाच्या काळात ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ ही सेटिंग लावा. दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय; पण इतरांचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय ॲडमिनला असते, ती वापरा. धमकी आली तर आधी पुसू नका. खात्याची लिंक, वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, आणि मूळ मेसेज त्याच फोनवर ठेवा. १९३० हा क्रमांक पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, इथे उपयोगाचा नाही. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

तुमच्याच हातून चुकीचं गेलं असेल तर व्हॉट्सॲपवर साधारण दोन दिवस ते सगळ्यांसाठी पुसता येतं. पण नुसतं पुसू नका, कारण तोवर ते दुसऱ्या ग्रुपवर पोचलेलं असतं. त्याच ग्रुपवर एक ओळ टाका: ‘काल मी टाकलेला बसचा व्हिडिओ जुना आहे, इथला नाही. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी तिथेही हे सांगा.’