जुन्या डिझेल पिकअपमधील क्लच आणि गिअरबॉक्सचा आवाज कसा ओळखावा

बेळगावच्या भाजी मार्केटमधून माल भरून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणाऱ्या, किंवा खानापूर-जांबोटीच्या पावसात वर्षानुवर्षे चाललेल्या डिझेल पिकअपच्या खालून आवाज येऊ लागला, की "गिअरबॉक्स उतरवा आणि क्लचचा सेट बदला" हा सल्ला जो भेटेल तो देतो. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. खाली उतरवून ठेवलेला गिअरबॉक्स आवाज करत नाही, त्यामुळे दोष शोधण्याचा जो एकमेव पुरावा आपल्याकडे असतो तो उतरवण्याच्या कामातच नाहीसा होतो. पेडल दाबताना, सोडताना आणि गिअर टाकताना आतला कोणता भाग फिरतो आणि कोणता थांबतो हे ठाऊक असेल, तर बहुतेक दोष पान्याला हात न लावता ओळखता येतात.

हौद्यातील सामान, जॅक आणि टूलबॉक्स काढून ठेवावा. इंजिन चांगले गरम होऊ द्यावे, कारण थंड असताना गिअर ऑइल दाट असते आणि पुष्कळ खडखड दडवून ठेवते.

पहिली तपासणी तेलाची. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून गिअरबॉक्सचा फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचा बोल्ट) काढावा; तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असायला हवे. ड्रेन प्लगला (तेल सोडायच्या खालच्या बोल्टला) चुंबक असेल तर त्यावर साचलेला करडा, मेणासारखा थर झिजेचा असतो आणि जुन्या गाडीत त्याची काळजी नसावी; बोटांना टोचणारे कण किंवा तुकडे मात्र बेअरिंग वा दाते फुटल्याची खूण आहेत. आवाज बंद व्हावा म्हणून जाड तेल भरण्याचा उपाय कुणी सुचवला तर तो मानू नये. त्याने आवाज काही दिवस दबतो, झीज थांबत नाही, आणि थंडीच्या सकाळी गिअर पडणेही अवघड होते. गाडीच्या पुस्तकात दिलेला ग्रेडच वापरावा.

यापुढचा टप्पा खरा अवघड आहे आणि त्यातले फरक कानाला बसायला मलाही बराच काळ लागला. हँडब्रेक ओढून, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवावे आणि पेडलवरून पाय पूर्णपणे काढावा. या स्थितीत इनपुट शाफ्ट (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये फेरे आणणारा दांडा) आणि त्याच्यामुळे लेशाफ्ट (गिअरबॉक्समधला जोडीचा दांडा) फिरत असतात, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) मात्र, पेडलला योग्य प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, असेल तर, स्वस्थ असते. म्हणून याच वेळी घरघर येत असेल आणि पेडल तळापर्यंत दाबल्यावर ती काही क्षणांत विरत असेल, तर संशय इनपुट शाफ्टच्या किंवा लेशाफ्टच्या बेअरिंगवर घ्यावा.

आता पेडल हळूहळू, फक्त प्ले संपून पहिला अडसर जाणवेपर्यंत दाबावे आणि तिथेच धरून ठेवावे. नेमक्या या जागी बारीक चिरका आवाज सुरू झाला आणि जोर वाढवल्यावर तो बदलला, तर दोष रिलीज बेअरिंगचा. घाटात चढावर गाडी ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर धरून ठेवणाऱ्या आणि सपाट रस्त्यावरही पेडलवर पाय टेकवून बसणाऱ्या चालकांच्या गाड्यांत हे बेअरिंग सर्वांत आधी जाते. रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचे रबरी बूट फाटलेले असेल, तर पावसाळ्यात तांबडा चिखल तिथूनच आत शिरतो, म्हणून ते बूटही त्याच वेळी पाहावे.

तिसरी स्थिती पायलट बेअरिंगची, म्हणजे इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये (इंजिनामागच्या जड चाकात) इनपुट शाफ्टचे टोक धरणाऱ्या बेअरिंगची. पेडल तळापर्यंत दाबून, ब्रेकही दाबून धरून, पहिला गिअर टाकावा. चाके थांबलेली असल्याने इनपुट शाफ्ट थांबतो, फ्लायव्हील मात्र फिरत राहते, आणि या दोघांमधला सगळा फरक पायलट बेअरिंगला सोसावा लागतो. हलक्या दाबावर जो आवाज नव्हता आणि इथे मात्र किरकिर किंवा हूंकार येतो, तो त्याचाच असतो. या तपासणीच्या वेळी गाडीखाली किंवा गाडीसमोर कुणीही असता कामा नये. पेडलवरून पाय घसरला तर दगड पुरे पडतीलच असे नाही.

ज्या हायड्रॉलिक क्लचमध्ये प्ले आपोआप साधला जातो, त्यात रिलीज बेअरिंग सतत टेकलेले आणि फिरत असते. अशा गाडीत पाय सोडल्यावर येणारा आणि पेडल दाबताच बंद होणारा आवाजही रिलीज बेअरिंगचाच असू शकतो, आणि ऐकणारा निष्कारण इनपुट शाफ्टला दोष देतो. त्यावर उपाय असा: न्यूट्रलमध्ये, सैल कपडे आवरून, बाहेर दिसणारे फोर्कचे टोक हाताने किंचित दाबावे. तेवढ्याने सूर बदलला तर रिलीज बेअरिंग. काहीच फरक पडला नाही तर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक गिअरबॉक्सच्या पुढच्या भागावर टेकवून मूठ कानाशी धरावी. हे करताना फिरणाऱ्या कोणत्याही भागाजवळ हात जाऊ देऊ नये.

न्यूट्रलमध्ये येणारी पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड जर थोडी रेस देताच नाहीशी होत असेल, तर बेअरिंग बदलू नये. कमी फेऱ्यांवर डिझेल इंजिनाचे झटके मोठे असतात आणि क्लच प्लेटच्या स्प्रिंग सैल झाल्यावर ते दात्यांपर्यंत पोचतात. आधी आयडलिंग ठीक करावे.

रिव्हर्स टाकताना खरखर येत असेल तर पेडल दाबून चार-पाच सेकंद थांबून पुन्हा टाकून पाहावा. थांबूनही खरखर राहिली तर क्लच पूर्ण सुटत नाही. क्लचच्या तेलाची गळती, क्लचचा सिलिंडर आणि पेडलची चाल तपासावी. पुढे जाण्याच्या एखाद्याच गिअरला खरखर असेल तर त्याची सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणारी कडी).

रस्त्यावरची चाचणी सोपी आहे. सर्व गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात, जिथे तो डायरेक्ट असतो (लेशाफ्टवर भार न पडता जोर सरळ मागे जातो) तिथे, शांतता, तर लेशाफ्टचे बेअरिंग. एकाच गिअरमध्ये आवाज, तर त्या गिअरचे दाते. गिअर कोणताही असो, वेगाबरोबरच वाढणारा आवाज मेन शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून बाहेर फेरे देणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बेअरिंगचा, प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) सेंटर बेअरिंगचा किंवा डिफरन्शियलचा असू शकतो. रेस देताना एक आणि सोडताना दुसरा सूर लागला तर डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन हे दाते पाहावेत. उभी गाडी पुढे सुटताना एकच ठक असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (त्याचा सांधा).

एवढे झाल्यावर मेस्त्रींकडे जावे आणि कोणत्या स्थितीत कोणता आवाज येतो ते त्यांना कागदावर लिहून द्यावे. गिअरबॉक्स उतरवणे भागच असेल, तर रिलीज आणि पायलट ही दोन्ही बेअरिंग एकदमच बदलून घ्यावीत, कारण मजुरी एकदाच लागते. नवे रिलीज बेअरिंग डिझेलने धुण्याची रीत मात्र आपल्यासमोर थांबवावी: ते सीलबंद असते, डिझेल सीलमधून आत गेले की त्यातले ग्रीस पातळ होऊन निघून जाते, आणि वरून कितीही ग्रीस फासले तरी ते आत पोचत नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा भेगा दिसल्या तर प्लेट बसवण्याआधी ते लेथवर तासता येते का ते विचारावे. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्यांची वाण नाही.