अटलांटाच्या कामाच्या दौऱ्याआधी: खाणं, पिणं, खरेदी

बॅग भरण्याआधी नकाशा उघडा. अटलांटा अघळपघळ पसरलेलं आहे आणि संध्याकाळी नीट जेवायला मिळणार की लॉबीतल्या सँडविचवर भागवावं लागणार, हे हॉटेल डाउनटाउन, मिडटाउन की बकहेडला आहे यावर ठरतं. पत्ता पूर्ण लिहून घ्या. नुसतं ‘पीचट्री’ लिहून घेण्यात अर्थ नाही; पीचट्री स्ट्रीट वेगळा, वेस्ट पीचट्री स्ट्रीट वेगळा, पीचट्री रोड वेगळा, आणि या नावाचे रस्ते अजून डझनावारी आहेत. मार्टा मेट्रोच्या रेड आणि गोल्ड लाइन विमानतळावरून थेट या तिन्ही भागांत जातात. फक्त स्टेशन डोमेस्टिक टर्मिनलला आहे. परदेशातून थेट येणारं विमान असेल तर इंटरनॅशनल टर्मिनलवरून आधी फुकटची शटल बस पकडावी लागते, तेवढा वेळ हिशेबात धरा.

कंपनी पर डिएम (रोजचा ठरलेला भत्ता) देते की बिलं मागते, हे निघण्याआधीच विचारून ठेवा. बिलं मागत असेल तर कार्डाची चिठ्ठी पुरत नाही, पदार्थवार पावती मागून घ्या. वर 18 ते 20 टक्के टिप आणि विक्रीकर धरा. मेन्यूवरच्या किमतीत दोन्ही नसतात.

कॉन्फरन्स जॉर्जिया वर्ल्ड काँग्रेस सेंटरमध्ये असेल तर दुपारचं तिथंच उरका. संध्याकाळी मात्र डाउनटाउनमध्ये थांबू नका, ऑफिसं सुटली की तो भाग बराचसा ओस पडतो. टॅक्सी करून पॉन्स सिटी मार्केट गाठा. सिअर्स कंपनीची 1926 सालची ही अजस्र विटांची इमारत. आता खाली खाण्याचे ठेले आणि दुकानं, वर ऑफिसं. चारजणांना चार वेगळ्या गोष्टी खायच्या असतील तर यापेक्षा सोयीची जागा नाही. तिथल्या ‘बोटीवाला’ या ठेल्याचे मालक मेहेरवान इराणी लहानाचे मोठे झाले ते आपल्या नगरमध्ये. शेजारच्या डेकेटर गावातलं ‘चाय पानी’ हे हॉटेलही त्यांचंच. ते मेट्रोच्या डेकेटर स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे, आणि तिसऱ्या दिवशी जिभेला तिखट-आंबट हवंसं झालं की तिकडेच पाय वळतात. पॉन्सच्या मागच्या दारातून बेल्टलाइनवर उतरता येतं. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली ही पायवाट पुढं क्रॉग स्ट्रीट मार्केटपाशी जाते. बूट चालायचे घाला.

दक्षिणेचं घरगुती जेवण एकदा तरी जेवाच. त्यासाठी पॉन्स द लिऑन अव्हेन्यूवरचं ‘मेरी मॅक्स टी रूम’, 1945 पासूनचं. एक मुख्य पदार्थ आणि सोबत दोन-तीन भाज्या, असा हिशेब. शाकाहारी मंडळींनी इथं सावध राहायचं ते भाज्यांपासूनच. कोलार्ड ग्रीन्स ही पालेभाजी दिसते साधी, पण परंपरेनं ती डुकराच्या मांसाच्या तुकड्याबरोबर तासन् तास शिजते; फरसबी आणि चवळीसारख्या ब्लॅक-आय्ड पीज यांचंही बऱ्याचदा तेच. तिथला पॉट लिकर म्हणजे त्याच भाजीचं पाणी. ‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढ्यावर थांबू नका, ‘यात हॅम, बेकन किंवा चिकन स्टॉक आहे का’ असं सरळ विचारा. मॅकरोनी-चीज, तळलेली भेंडी, कॉर्नब्रेड यांवर पोट भरतं, पण तळणीचं तेल कशाकशाला वापरतात तेही विचारायला हरकत नाही. मांसाहारी असाल तर ‘बिझी बी कॅफे’चं फ्राइड चिकन चुकवू नका; 1947 पासून चालू आहे. ‘व्हर्सिटी’चं नाव सगळे सांगतात. 1928 सालचं आहे, काउंटरवर ऑर्डर झटपट सांगावी लागते, कांद्याची भजी म्हणावी अशा रिंग्ज बऱ्या असतात. त्यापलीकडे वेळ काढून जाण्यासारखं मला काही वाटत नाही.

क्लायंटला जेवायला न्यायचं असेल तर बकहेडमध्ये टेबल आधीच राखून ठेवा, आणि वेळ साडेसहा-सातची. आपल्यासारखं नऊला जेवायला बसायचं म्हणाल तर वेटर खुर्च्या उचलायच्या बेतात असतात. ‘बोन्स’ हे स्टेकचं जुनं नाव, पण टेबलावर एकही शाकाहारी असेल तर तिथं नेऊ नका. आणि हो, कोका-कोलाचं मुख्यालय याच शहरात आहे. क्लायंट कोण आहे ते न बघता पेप्सी मागू नका.

पिण्याचं. चहा मागितलात तर बर्फ घातलेला आणि पाकासारखा गोड ‘स्वीट टी’ समोर येईल. साखर नको असेल तर ‘अनस्वीट’, आणि आपल्यासारखा हवा असेल तर ‘हॉट टी’ म्हणा. तरी हातात कपभर गरम पाणी आणि टीबॅगच पडेल. बारमध्ये वय 21 पूर्ण असल्याचा पुरावा मागतात, केस पिकलेले असले तरी, म्हणून पासपोर्ट जवळ असू द्या. गप्पांसाठी 1956 पासूनचं ‘मॅन्युएल्स टॅव्हर्न’ बरं. राजकारणी आणि पत्रकारांचा तो जुना अड्डा.

खरेदीसाठी बकहेडचे ‘लेनॉक्स स्क्वेअर’ आणि ‘फिप्स प्लाझा’ हे मॉल समोरासमोर आहेत. लेनॉक्स गोल्ड लाइनच्या स्टेशनाजवळ, फिप्स खिशाला जड. घरगुती सामान किंवा तयार थेपले-चिवडा लागला तर डेकेटरकडचं ‘पटेल प्लाझा’. गाडीनं शहराबाहेर जाणं झालं तर रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यात उकडलेल्या शेंगा विकायला असतात. ओल्या शेंगा, खारट पाण्यात मऊ होईस्तोवर उकडलेल्या. टरफल दाबलं की पाणी मनगटावरून बाहीत शिरतं, रुमाल काढून ठेवा. उपवासाला चालतात का, ते आपापल्या घरी विचारा.

घरी न्यायला पीकन (अक्रोडासारखा सुकामेवा) घ्या, ते जॉर्जियाचं खरं पीक. सीलबंद पाकिटं घ्या, आणि विमानतळाऐवजी सुपरमार्केटमधून. पीचचा जॅम सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थात मोजतात, तेव्हा बाटली कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत, हँडबॅगेत नाही.