जंगलातल्या चौकीची लढाई अभ्यासताना या चुका टाळा: सांगशाक, मार्च 1944

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माणसं मोजायची आणि पाणी विसरायचं. दुसऱ्या महायुद्धात मणिपूरमध्ये उखरूलजवळच्या सांगशाकला 50 वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या हाताखाली दिलेली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन 22 ते 26 मार्चदरम्यान जपान्यांच्या 58 व्या रेजिमेंटशी लढली. नवशिके लगेच दोन्हीकडच्या सैनिकांचा आणि तोफांचा तक्ता मांडतात. त्या तक्त्यातून ही लढाई कळत नाही. जागा साधारण 800 यार्ड लांब, 400 यार्ड रुंद. पाण्याची टंचाई. थोडं खणलं की खडक, म्हणजे माणूस उभा राहील एवढा खंदक होत नाही आणि मेलेली खेचरंही पुरता येत नाहीत. काटेरी तार नाही. तारेविना रात्रीचा हल्ला थेट खंदकाच्या काठाशी येतो, तो थोपवायला गोळ्या आणि हातबॉम्ब भराभर खर्च होतात, आणि मग सगळी भिस्त विमानावर. म्हणून मी नकाशा उघडला की आधी पाणवठा शोधतो, मग जमिनीचा पोत, मग तार. सैन्यबळ सगळ्यात शेवटी.

दुसरी चूक: ‘रसद विमानातून आली’ असं लिहून पुढे जाणं. ती कुठे पडली? हिशेब करा. ताशी 200 किलोमीटर वेगाने जाणारं विमान 400 यार्ड सातएक सेकंदांत ओलांडतं. पॅराशूट थोडं वाऱ्यावर गेलं की पाणी आणि दारूगोळा उतारावरच्या शत्रूच्या हातात. सांगशाकला बराच माल असाच गेला. बाण काढलेला नकाशा पाहून लढाई समजल्याचा दावा करणाऱ्यांनी हा एक हिशेब तरी करावाच.

चर्चची टेकडी नकाशावर ठळक करा. तिच्यासाठीच सर्वांत जीवघेणी झटापट झाली.

26 च्या रात्री ब्रिगेडने माघार घेतली, चालता न येणारे जखमी मागे राहिले. तरी निव्वळ ‘पराभव’ लिहू नका. जपान्यांच्या याच रेजिमेंटला पुढे कोहिमा गाठायचं होतं आणि तिचे मोलाचे दिवस इथे गेले.

आणि सुरुवात 22 तारखेपासून धरू नका. त्याआधीच पॉइंट 7378 (नकाशावर उंचीच्या आकड्याने ओळखली जाणारी टेकडी) या पुढच्या चौकीवर याच ब्रिगेडच्या 152 व्या पॅराशूट बटालियनची सी कंपनी जवळजवळ पूर्ण कापली गेली होती.