इजिप्तचा स्लॉट, फुकटच्या नाण्यांवर

स्लॉट म्हणजे बटण दाबून चिन्हांची चक्रं फिरवायचा जुगाराचा खेळ. त्यात पैसे लावायचे नाहीत, हे आधीच ठरवून घ्या. मी काही सोवळ्यातला माणूस नाही. पण 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवायला, त्यांची जाहिरात करायला आणि त्यांचे पैसे फिरवायलाही मनाई केली आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा टेलिग्रामवर 'खात्रीची लिंक' देणारा उद्या तुमचे पैसे घेऊन पसार झाला, तर तक्रार करताना तुमचीच पंचाईत. स्लॉट बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या आपल्या साइटवर डेमो, म्हणजे फुकट खेळायचा नमुना, ठेवतात, त्यात खोटी नाणी मिळतात. मोबाइल नंबर, आधार किंवा यूपीआय मागणारं पान दिसलं की ते बंद करायचं.

मी ठाण्याच्या नौपाड्यात बारावी कॉमर्सच्या मुलांना गणित आणि स्टॅट शिकवतो. माझा भाचा ऐरोलीला आयटीत आहे. एका रविवारी जेवणं झाल्यावर त्याने फोन पुढे केला. "मामा, तू स्टॅटवाला ना? यातला पॅटर्न काढून दे." पडद्यावर 'बुक ऑफ रा डीलक्स' हा इजिप्तचा स्लॉट होता. पुढचं सगळं त्याला सांगितलं तसंच लिहितो.

स्पिनच्या, म्हणजे चक्रं एकदा फिरवायच्या, बटणाला लगेच हात लावू नका. कोपऱ्यात 'आय' किंवा तीन आडव्या रेघा असतात, तिथे बक्षिसांचा तक्ता मिळतो. पाच रील म्हणजे चिन्हांच्या उभ्या फिरत्या पट्ट्या, तीन आडव्या रांगा, आणि दहा पेलाइन म्हणजे बक्षीस ज्यांवर मोजतात त्या रेषा. एखाद्या लाइनवर डावीकडून सलग सारखी चिन्हं आली की बक्षीस. दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का ही पत्त्यांची चिन्हं हलकी. टोपीवाला संशोधक सगळ्यांत भारी. पुस्तकाकडे दोन कामं आहेत. ते कुठल्याही चिन्हाची जागा घेतं, आणि कुठेही तीन पडली तर दहा फुकट स्पिन मिळतात. त्या दहांत एक चिन्ह निवडलं जातं आणि ते पुरेशा रीलवर आलं की अख्खी रील व्यापतं. मोठी रक्कम आली तर बहुतेक इथेच येते.

तक्त्यातल्या 'इतके पट'वर उड्या मारण्याआधी ते कशाच्या पट आहेत ते बघा. पुष्कळ खेळांत आकडा एका लाइनवरच्या डावाच्या पटीत असतो. दहा लाइनवर एकेक नाणं लावलं आणि एका लाइनवर 50 पट लागले, तर तुमच्या दहा नाण्यांचे 50 झाले. म्हणजे पाच पट.

इजिप्तचं म्हणाल तर सजावट बरी आहे, इतिहास जरा हवाच. चिन्हांतला भुंगा खरा: शेणाचा गोळा ढकलणाऱ्या किड्यात त्या लोकांना उगवता सूर्य ढकलणारा खेप्री देव दिसायचा. पण बांधणीचं जाडजूड पुस्तक फारोंच्या काळात कुठलं? त्यांच्याकडे पपायरसच्या गुंडाळ्या होत्या. त्यांचा स्वतःचा खेळ होता सेनेट, तीस घरांचा, काड्या टाकून दान घ्यायचं. तुतानखामूनच्या थडग्यात त्याचे पट सापडले, ते थडगं हॉवर्ड कार्टरला मिळालं 1922 साली. मला विचाराल तर सेनेट जास्त चांगला, त्यात सोंगटी तरी आपण हलवतो.

आता वही घ्या. वहीशिवाय हा खेळ कळत नाही. तीन रकाने आखा: लावले, आले, शिल्लक. ऑटोप्ले (आपोआप फिरत राहणं) आणि टर्बो (झटपट फिरणं) बंद ठेवा. थोड्याच वेळात असं होईल: दहा नाणी लावली, चार आली, पण पडद्यावर सोनं उधळलं आणि सनई-चौघडा वाजला. लग्न लागल्यासारखं! वहीत मात्र सहा नाणी गेल्याचीच नोंद होते. डावापेक्षा कमी आलेल्या रकमेवर असा जल्लोष करायला ब्रिटनच्या जुगार नियामकाने 31 ऑक्टोबर 2021 पासून बंदी घातली. ऑटोप्लेही बंद केला आणि दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंद ठेवायला लावले.

दोन पुस्तकं पडली की उरलेल्या रील लांबण लावत फिरतात, आवाज चढत जातो. तेव्हा बटण दाबून रील 'नेमकी' थांबवण्यात अर्थ नाही. स्पिन दाबला त्याच क्षणी प्रोग्रॅमने आकडा काढलेला असतो, पुढचं नुसतं चित्र.

मग 'आरटीपी' शोधा, म्हणजे लावलेल्यातलं सरासरी किती टक्के परत येतं तो आकडा. नियमांच्या पानावर तळाशी दडवलेला असतो. एकच खेळ वेगवेगळ्या आरटीपीत मिळू शकतो, म्हणून समोरच्या पानावरचाच आकडा धरायचा. समजा 96 टक्के आहे. ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून वाशीला जायला साधारण अर्धा तास. मिनिटाला 15 स्पिन धरले तर 450 स्पिन, दर वेळी दहा नाणी, म्हणजे 4500 नाणी फिरली. त्यातली चार टक्के, 180 नाणी, सरासरीने गेली. ऐरोली, रबाळे, घणसोली, आणि तुम्ही खिडकीतून बाहेर बघितलंही नाही. एका फेरीत आकडा याहून पुष्कळ वर-खाली होईल. 'हाय व्होलॅटिलिटी' लिहिलेल्या खेळात तर बराच वेळ कोरडा जातो आणि एकदम भसकन येतं.

जिंकल्यावर पुढचा पत्ता लाल की काळा हे विचारणारं दुपटीचं बटण येतं. एकदा दाबून बघा, मग विसरा. सलग पाच वेळा बरोबर यायची शक्यता 32 त एक.

घरात कोणी आधीच खऱ्या पैशांत अडकलं असेल तर त्याला हा लेख वाचायला देऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या. पैसे फसवणुकीत गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930.

राहिला भाच्याचा पॅटर्न. त्याचं म्हणणं, फुकट स्पिन बराच वेळ आले नाहीत की 'आता येणारच'. मी म्हटलं, समजा सरासरी 180 स्पिनला एकदा येतात. तर 180 स्पिनमध्ये एकदाही न येण्याची शक्यता जवळजवळ 37 टक्के, 360 मध्ये साडेतेरा.

"आणि 360 कोरडे गेल्यावर पुढच्या स्पिनला?"

"180 त एक."

"म्हणजे पहिल्या स्पिनला होती तेवढीच?"

"तेवढीच. वही दे इकडे, एक वजाबाकी चुकलीये तुझी."